१८५५चं चित्र: रूळ आहेत, वाघिणी आहेत, मग इंजिन कुठंय?

शिसपेन्सिल

नमस्कार मंडळी. शनिवार पेठेतला आमचा आजोळचा वाडा बिल्डरकडे जायचाय, म्हणून सध्या माळे रिकामे करणं चालू आहे. घंगाळं, पितळी डबे आणि जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यांमागे एक फ्रेम सापडली. काच एका कोपऱ्यात तडकलीय, मागचा पुठ्ठा कसरीने खाल्लाय, चित्र मात्र बऱ्यापैकी शाबूत आहे. मामा म्हणाला, "कुठल्यातरी साहेबाच्या बंगल्याच्या लिलावात आजोबांनी घेतलं असणार, दे टाकून." मी ते घरी घेऊन आले.

चित्र असं आहे. चिंचोळी खाडी, तिच्यात शिडाच्या जहाजांच्या डोलकाठ्यांची गर्दी. मागे टेकडी आणि टेकडीवर पडक्या किल्ल्याचे बुरूज. पुढे गावातला रस्ता, आणि त्या रस्त्याच्या मधोमध चक्क रूळ. रुळांवर उघड्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, त्यांना घोडे जुंपलेले. आजूबाजूला शिपाई, मजूर, पेट्या, तोफगोळ्यांचे ढीग. रंग फिके: तपकिरी, राखाडी, कुठेकुठे निळसर. खालच्या ओळीतलं "रेल्वे" आणि "१८५५" एवढंच वाचता येतं, बाकीचं वाळवीच्या पोटात.

मी उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि हे चित्र पाहिल्यापासून "युद्धातली रेल्वे आणि तिची चित्रं" हा प्रकल्पाचा विषय डोक्यात घोळतोय. म्हणून विचारते:

ही कुठली लढाई? १८५५मध्ये आपल्याकडे तर जेमतेम मुंबई-ठाणे गाडी चालू झाली होती. रेल्वेचं चित्र आहे तर इंजिन का नाही? चित्र खरोखर त्या काळात छापलेलं की नंतरची नक्कल, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि या विषयावरची आणखी कुठली चित्रं बघायला हवीत? नेटवर शोधलं की दरवेळी धूर सोडणारी चिलखती गाडी आणि तिच्यावरची तोफ, एवढंच पुढे येतं.

कसबापेठी

इंजिन नाही, गाडी घोडे ओढतायत आणि रस्त्यात खोळंबा. कात्रजच्या घाटातली पीएमटीची बस असणार. जाणकार येईपर्यंत एवढ्यावर भागवा.

दगडछाप

जुने कागद दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे फक्त छपाईबद्दल बोलतो. युद्धाचं दुसरं कोणीतरी सांगेल.

आधी एक भिंग आण. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, किंवा तुमच्या छपाईच्या वर्गात असतं ते. चित्रातला आकाशाचा किंवा टेकडीचा भाग बघ. ओळीने मांडलेले बारीक ठिपके दिसले, जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे, तर नंतरची नक्कल समज. ती छपाई एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी रुळली. ठिपक्यांच्या ऐवजी खडू खरखरीत कागदावर घासल्यासारखा वेडावाकडा कण दिसला, तर तो शिळाछापाचा, म्हणजे लिथोचा कण. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त तेलकट जागी धरते. १८५५च्या सुमाराला एक दगड काळ्या रेषेसाठी आणि एक-दोन दगड फिक्या रंगांसाठी, अशी पद्धत होती. तुझा तपकिरी आणि निळसर त्यातलाच दिसतो. ढगांचे किंवा शिडांचे पांढरे भाग नीट बघ. तिथे पांढरा रंग दिलेला नसेल, फिक्या रंगाच्या दगडावर ती जागा कोरून मोकळी ठेवलेली असते आणि दिसतो तो नुसता कागद.

तिसरी शक्यता लाकडी ठशाची. त्या काळच्या सचित्र साप्ताहिकांत हीच पद्धत होती. त्यात खडूचा कण नसतो, सगळं रेघांनी बांधलेलं. बॉक्सवूडचे लहान ठोकळे बोल्टने एकत्र आवळून मोठं चित्र करत, आणि घाई असली की ठोकळे सुटे करून वेगवेगळ्या कारागिरांना वाटून देत. त्यामुळे पानभर चित्रात कधीकधी बारीक पांढरी सरळ रेघ आकाशातून थेट घोड्याच्या पोटातून गेलेली दिसते. ती ठोकळ्यांची सांध. तुझं वर्णन ऐकून हा प्रकार वाटत नाही, पण खात्री करून घे.

आता काय करू नये ते. खोडरबर लावू नको, ओल्या फडक्याने पुसू नको, लॅमिनेशनचं नावही काढू नको. तडकलेली काच चित्राला चिकटलेली नाही ना, ते बघूनच उचल. मागचा पुठ्ठा आम्लाचा असतो, त्यानेच कागद तपकिरी पडतो. तो काढायचाच आहे, पण लगेच फेकू नको, त्यावर फ्रेमवाल्याची किंवा लिलावाची चिठ्ठी असू शकते. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर टांगू नको. किमतीचं म्हणशील तर कागदाच्या अवस्थेवर सगळं असतं, आणि वाळवीने मथळा खाल्लाय म्हटल्यावर वाड्याच्या वाटणीत भांडण लागण्याइतकी काही येणार नाही.

ब्रेकव्हॅन

मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून नोकरी झाली, बहुतेक सगळी पुण्याच्या दोन्ही बाजूंना, घाटात आणि दौंडकडे. चित्रकलेत माझी मजल इंटरमिजिएटच्या सी ग्रेडपर्यंत. पण रेल्वेची जुनी चित्रं गोळा करायचा नाद आहे, आणि घरातल्यांनी ऐकणं कधीच सोडून दिलंय, तेव्हा इथे लिहितो. लांबेल. तू माझ्या मुलीपेक्षा लहान असशील म्हणून अगं-तुगं करतो.

लढाई क्रिमियाची. गाव बालाक्लावा, काळ्या समुद्रावरचं. टेकडीवरचे बुरूज जिनोआच्या लोकांनी बांधलेल्या जुन्या किल्ल्याचे. वर्णनावरून हे विल्यम सिम्पसनच्या मालिकेतलं पान वाटतं. हा ग्लासगोचा गडी, शिळाछापाच्या धंद्यातच तयार झालेला. लंडनच्या कोलनागी या चित्रविक्रेत्यांनी त्याला लढाईवर धाडलं आणि १८५५-५६मध्ये त्याची ऐंशीच्या आसपास चित्रं छापून विकली. त्यात बालाक्लावाच्या रेल्वेचं दक्षिणेकडे बघून काढलेलं एक चित्र आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर ते मोठ्या आकारात फुकट बघता येतं. तुझं पान शेजारी ठेवून ताडून बघ. हाच सिम्पसन पुढे १८५९मध्ये हिंदुस्थानात आला, तीन वर्षं फिरला आणि १८७८-७९च्या अफगाण युद्धातही वही घेऊन हजर होता.

आता रूळ तिथे का गेले ते ऐक. सेव्हास्तोपोल या रशियन शहराला वेढा पडलेला, इंग्रजांची छावणी वर पठारावर आणि माल उतरायचा खाली बालाक्लावाच्या बंदरात. मधलं अंतर आपल्या पुणे स्टेशनापासून कासारवाडी-पिंपरीइतकं, त्याहून जास्त नाही. पण १८५४च्या हिवाळ्यात तो रस्ता चिखलात बुडाला. बंदरात जहाजं मालाने भरलेली, आणि वर शिपाई उपाशी, गारठलेला, अंगावर धड कपडा नाही. चारा वर पोचेना म्हणून घोडे मेले, आणि घोडे मेले म्हणून काहीच वर पोचेना. बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत आल्यावर बोंब उठली. मग पेटो, ब्रासी आणि बेट्स या रेल्वेच्या ठेकेदारांनी नफा न घेता लाइन टाकून द्यायची तयारी दाखवली. त्यांचे मजूर १८५५च्या फेब्रुवारीत उतरले आणि सातेक आठवड्यांत रूळ पठारावर पोचले. एप्रिलमध्ये सेव्हास्तोपोलवर जो तोफांचा मारा झाला, त्याचे गोळे याच रुळांवरून गेले. उतरताना त्याच वाघिणींतून आजारी आणि जखमी माणसं खाली आणली.

इंजिन का नाही? कारण त्या लाइनचा जीव इंजिनावर नव्हता. बंदराच्या बाजूला सपाटीवर घोडे. मग चढ लागला की तिथे एका जागी पक्कं बसवलेलं वाफेचं यंत्र, त्याच्या पिंपावर दोर, आणि दोराने वाघिणी वर ओढायच्या. वर पुन्हा घोडे. खाली येताना वाघीण स्वतःच्या वजनाने यायची आणि ब्रेकवर माणूस. त्या ब्रेकवाल्याबद्दल मला फार आपुलकी आहे, कारणं उघड आहेत. धावती इंजिनं १८५५ सरता सरता आली आणि त्या चढावर त्यांची डाळ फारशी शिजली नाही. आज आपण कर्जतला गाडीमागे बँकर इंजिनं लावून घाट चढवतो, दुखणं तेच आहे.

तुझ्या तारखेच्या हिशेबासाठी: ठाणे १८५३, खोपोली १८५६, पुणे-खंडाळा १८५८. मधला बोरघाट डोलीने किंवा तट्टावरून उतरायचा. घाट रुळांनी जोडला गेला १८६३मध्ये. तो ठेका घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल इथे आला आणि लगेच वारला, मग त्याची बायको अ‍ॅलिस हिने काम पुढे चालवून घेतलं. म्हणजे पुण्याने आगगाडीची शिट्टी ऐकायच्या आधीच लढाईसाठी मुद्दाम टाकलेली लाइन वापरून मोकळी झाली होती.

आता तुझ्या प्रकल्पाचं. रेल्वेचं युद्धचित्र समोर आलं की लोक इंजिन बघतात. तू आधी वाघिणी बघ. भरलेल्या की रिकाम्या? उतरवायला फलाट आहे का, माणसं आहेत का? रिकामी वाघीण परत जायला दुसरा रूळ मोकळा आहे का? लढाईतली रेल्वे धावण्यावरून ओळखायची नाही, उतरवण्यावरून ओळखायची. मी मिलिटरी स्पेशल पुष्कळ नेल्यात. रणगाडा रॅम्पवरून सपाट वाघिणीवर चढताना बघायला गर्दी होते, आणि तो सोहळा असतोही बघण्यासारखा: पुढे एक माणूस उलटा चालत हाताने इशारे करतोय, रणगाड्याचे पट्टे वाघिणीच्या दोन्ही कडांच्या बाहेर डोकावतायत, चालकाला खालचं काहीच दिसत नाही, आणि इशारा करणाऱ्याचा हात वर गेला की सगळं जागच्या जागी थिजतं. मग पट्ट्यांखाली पाचरी, साखळ्या, आवळणं. फोटो निघतात ते इथवरचे. पण ताण असतो तो दुसऱ्या टोकाला. एका ठिकाणी भर पावसात रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी गाडी, लागला आणि तिथले साहेब म्हणाले, "माल दोन दिवस वाघिणीतच राहू द्या, शेडमध्ये जागा नाही." वाघीण म्हणजे चाकं असलेलं गोदाम, असं एकदा ठरलं की मागची सगळी लाइन तुंबते. शांततेत आम्ही त्यावर डेमरेज, म्हणजे वाघीण वेळेत रिकामी न केल्याचा दंड, लावतो. लढाईत कोण कोणाला लावणार?

हे ज्याने सगळ्यात आधी खडसावून सांगितलं तो हर्मन हॉप्ट, अमेरिकेच्या यादवी युद्धातला उत्तरेचा रेल्वेवाला. त्याचा हेका तीन गोष्टींचा: गाड्या चालवण्यात लष्करी अधिकाऱ्याने लुडबुड करायची नाही, आघाडीला लागेल तेवढाच माल पुढे पाठवायचा, आणि गेलेली वाघीण ताबडतोब रिकामी करून परत सोडायची. १८६३च्या जुलैत गेटिसबर्गच्या लढाईच्या वेळी त्याला एक एकेरी लाइन मिळाली. मधे क्रॉसिंगला धड जागा नाही, तारायंत्र नाही. मग त्याने पाच-पाच गाड्यांचा तांडा सोडला. सगळ्या एकामागून एक जाणार, सगळ्या रिकाम्या होऊन एकत्रच परतणार, आणि त्या आल्याशिवाय पुढचा तांडा सुटणार नाही. सिग्नलवाचून एकेरी लाइन चालवायला याहून शहाणा मार्ग मला तरी सुचत नाही.

हॉप्टमुळे तुझ्या विषयाला एक खजिना मिळाला. त्याच्या खात्यात अँड्र्यू रसेल नावाचा कॅप्टन फोटो काढायला होता. चित्रं नव्हेत, फोटो, पण तुला लागतील. रूळ कसा उखडायचा, वाकवलेला रूळ पुन्हा सरळ कसा करायचा, वाघिणी तराफ्यावरून पाण्यापार कशा न्यायच्या, हे सगळं पायरीपायरीने टिपलंय. एका फोटोत खुद्द हॉप्टसाहेब एवढ्याशा तरंगत्या होडक्यात टोपी घालून बसलेत आणि वल्हं मारतायत. पोटोमॅक क्रीक या ओढ्यावरचा त्याचा लाकडी पूलही शोध. १८६२मध्ये रेल्वेचं काम कधी न केलेल्या शिपायांकडून नऊएक दिवसांत उभा करून घेतलेला, चारशे फूट लांब. लिंकन तो बघून आला आणि म्हणाला की त्यात घेवड्याच्या काठ्या आणि मक्याची ताटं सोडून दुसरं काही नाही, आणि तरी त्यावरून भरलेल्या गाड्या जातायत.

हातची चित्रं हवी असतील तर अल्फ्रेड वॉडची बघ. हार्पर्स वीकलीसाठी तो आघाडीवरून रेखाटायचा. तपकिरी कागद, पेन्सिल, आणि उजेडाच्या जागी पांढरा रंग. तीही लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्याचं मूळ रेखाटन आणि साप्ताहिकात छापून आलेला लाकडी ठसा शेजारी ठेवले की मधल्या कारागिराने काय काय "नीट" केलं ते कळतं. धूर वाढतो, घोडे उधळतात. दगडछाप यांनी सांगितलेली सांधही तिथे सापडेल.

पहिल्या महायुद्धातलं सेवेरिनी या इटालियन चित्रकाराचं १९१५चं चिलखती गाडीचं चित्र न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. वरून बघितलेली गाडी, बंदुका रोखलेले शिपाई एका ओळीत, एकालाही चेहरा नाही, सगळं कोनाकोनांचं. तुझे सर ते दाखवतीलच. माझ्या दृष्टीने त्यात रेल्वे कमी आणि बंदूक जास्त आहे, पण माणसाचा नटबोल्ट होतो हे त्याने बरोबर पकडलंय. त्याच वर्षीचं त्याचं खेड्यातून जाणाऱ्या रेडक्रॉसच्या गाडीचं चित्र गुगेनहाइम संग्रहालयात आहे. ते मला जास्त आवडतं.

आणि एक बघच. पॅरिसच्या गार द लेस्त स्टेशनात आल्बर्ट हर्टर या अमेरिकन चित्रकाराचं भलंमोठं चित्र लावलंय: ऑगस्ट १९१४, शिपाई गाडीत बसून आघाडीला निघालेत, फलाटावर निरोप चाललाय. मध्यभागी डब्याच्या दारात एक पोरगा दोन्ही हात फैलावून उभा आहे, एका हातात टोपी, दुसऱ्यात बंदूक आणि बंदुकीच्या नळीत फुलं. तो हर्टरचा मुलगा एव्हरिट. १९१८मध्ये फ्रान्समध्येच मारला गेला. बापाने १९२६मध्ये हे चित्र काढून रेल्वेला देऊन टाकलं. म्हणजे चित्रातल्या तारखेला कोणालाच काही ठाऊक नाही, आणि काढणाऱ्याला सगळं ठाऊक आहे. गर्दीतले बाकीचे चेहरे एकेक करून बघ, कोणीही त्या पोराइतकं खूश नाही.

जेवायची वेळ झाली. बाकी नंतर.

तर्कटराव

ब्रेकव्हॅन, माहिती उत्तम, पण एक शंका. सिम्पसन विक्रेत्याच्या पैशाने गेला, चित्रं घेणारे लंडनचे पैसेवाले. मग "सगळं सुरळीत चाललंय, रूळ पोचले, काळजी नसावी" अशी जाहिरातच नाही का ही? चिखल, उपासमार, मेलेले घोडे हे तुम्ही सांगताय, चित्रात तर नीटनेटके ढीग दिसतायत. विद्यार्थिनीने हे पुरावा म्हणून वापरावं का?

ब्रेकव्हॅन

तर्कटराव, शंका रास्त. पण आरोप पुरता लागू होत नाही. त्याच मालिकेत बालाक्लावाच्या धक्क्यावर आजारी शिपाई जहाजात चढवतानाचं चित्र आहे. ते विकत घेणाऱ्याला सगळं सुरळीत आहे असं वाटलं नसणार. नीटनेटकेपणाचं म्हणाल तर तो शिळाछापाचाही गुण. आघाडीवर केलेलं रेखाटन लंडनला जायचं आणि तिथे दुसरेच कारागीर ते दगडावर उतरवायचे.

पडताळायला दुसरा साक्षीदार आहे, रॉजर फेंटन. तो १८५५च्या मार्चमध्ये कॅमेरा घेऊन तिथे पोचला. बालाक्लावातलं रेल्वेचं यार्ड, शेड आणि कारखाना यांचे त्याचे फोटो आहेत. सिम्पसनशेजारी ठेवून बघा. फेंटनच्या यार्डात पसारा आहे, फळ्या अस्ताव्यस्त पडल्यात, जमीन उखणलेली आहे. पण कॅमेऱ्यातली फोटोची काच बराच वेळ उघडी ठेवावी लागायची, त्यामुळे हलणारं काहीही टिकत नाही. चालत्या वाघिणी, ओढणारे घोडे, ओरडणारा मुकादम, सगळे गायब. पसारा फोटोत मिळतो आणि काम चित्रात. विद्यार्थिनीने दोन्ही वापरावं, आणि कुठलं कोणाच्या पैशाने झालं तेही लिहावं. फेंटनही विक्रेत्याच्याच पैशाने गेला होता, हे तुम्ही विचारायच्या आत सांगून टाकतो.

शिसपेन्सिल

ब्रेकव्हॅन काका, दगडछाप, दोघांचेही आभार. भिंगातून पाहिलं, ठिपके नाहीत! खडूचाच कण आहे, आणि जहाजाच्या शिडावर खरंच नुसता कागद दिसतोय. काकांनी सांगितलेल्या चित्राशी ताडून पाहिलं: बुरूज, खाडीचं वळण, रूळ, सगळं जुळतंय. पुठ्ठ्याच्या आत एक चिठ्ठीही निघाली, पण शाई उडालीय.

एक राहिलंच. आतापर्यंतची सगळी चित्रं युरोप-अमेरिकेची, आणि काढणारे सगळे बाहेरून बघणारे. रुळावर प्रत्यक्ष राबणाऱ्याने काढलेलं काही आहे का? आशियातलं असेल तर फारच बरं.

ब्रेकव्हॅन

आहे. रात्री एकटी बसून बघू नकोस एवढंच सांगतो.

१९४२-४३मध्ये जपान्यांनी सयाममधून (आजचं थायलंड) ब्रह्मदेशात लाइन नेली, ४१५ किलोमीटर, मीटर गेज, जंगल आणि डोंगर फोडून. राबवले ते युद्धकैदी आणि मलाया, ब्रह्मदेश, जावा अशा ठिकाणांहून आणलेले मजूर. मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ त्यात फार मोठ्या संख्येने होते. बारा हजारांच्या वर युद्धकैदी मेले. आशियाई मजूर किती मेले याची धड नोंदच कोणी ठेवली नाही, अंदाज नव्वद हजारांच्या घरात जातो.

कैद्यांमध्ये रोनाल्ड सर्ल नावाचा तरुण चित्रकार होता, सिंगापूर पडलं तेव्हा पकडलेला. चोरून काढायचा आणि कागद कॉलऱ्याच्या रोग्यांच्या अंथरुणाखाली लपवायचा, कारण पहारेकरी तिकडे फिरकत नसत. त्याची तीनएकशे रेखाटनं आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत. युद्धानंतर हाच माणूस विनोदी चित्रांसाठी गाजला. दुसरा जॅक चॉकर. त्याने छावणीतल्या दवाखान्याची चित्रं काढली: पायाला झालेली जखम हाडापर्यंत कशी गेलीय, बांबू आणि पत्र्याचे डबे वापरून डॉक्टरांनी काय काय उपकरणं बनवली. ती चित्रं म्हणजे वैद्यकीय नोंदच आहे. बांबूच्या नळ्यांत भरून जमिनीत पुरून ठेवली म्हणून वाचली.

या दोघांच्या कामात गाडी शोधलीस तर सापडणं मुश्किल. सापडतील ते पाठीवरचे ओंडके, घण, टोपल्या, रांगेत उभं राहून हजेरी देणारी हाडकुळी माणसं. तमिळ मजुरांच्या हातचं असं काही माझ्या संग्रहात नाही, आणि ती पोकळी तुझ्या प्रकल्पात तुला दाखवावी लागेल. त्यासाठी एक भिंत कोरी सोडायची वगैरे कल्पना तुमच्या कॉलेजात निघतीलच, मी त्यात पडत नाही.

या सगळ्यानंतर जरा श्वास घ्यायचा असेल तर हेलन मॅकीची जोडी बघ. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनाला १९४८मध्ये शंभर वर्षं झाली, त्या निमित्ताने केलेली दोन पोस्टरं, एक युद्धातलं आणि एक शांततेतलं. दोन्हींत तेच स्टेशन, तीच गर्दी, माणसं जागच्या जागी. एकात अंगावर गणवेश, दुसऱ्यात घरचे कपडे. एकेक माणूस पकडून इकडून तिकडे बघत बसलीस तर संध्याकाळ जाते. तुमच्या उपयोजित कलेच्या दृष्टीने शिकण्यासारखं सगळ्यात जास्त यातच आहे, कारण पोस्टर असून ते ओरडत नाही. बर्ट थॉमसचं "तुमचा प्रवास खरंच गरजेचा आहे का?" हे त्याच युद्धातलं दुसरं. त्यात तिकीट खिडकीशी उभ्या असलेल्या शिपायानेच तो प्रश्न विचारलाय.

वाघिणी आणि रुळांचं गणित हाताने समजून घ्यायचं असेल तर कर्वे रस्त्यावर जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे एकदा जा. गाड्या फिरताना बघायला मुलं पुढे घुसतात. तू कडेला उभी राहून पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे, कसे बदलतात आणि एक गाडी दुसरीला वाट कशी देते तेवढं बघ.

आणि चिठ्ठीची शाई उडाली म्हणून ती टाकू नकोस. दगडछाप, उडालेली शाई वाचायचा काही उपाय असतो ना? तुम्हीच सांगा तिला.

दगडछाप

असतो. जांभळ्या दिव्याखाली पुष्कळदा अक्षर उठतं, पण दिवा बाजारातला नोटा तपासायचा घेतलास तरी चिठ्ठी त्याच्याखाली फार वेळ ठेवू नको. तोवर चिठ्ठी दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेव, प्लास्टिकच्या पिशवीत नको. मला फोटो पाठव, तिरप्या उजेडात काढलेला, म्हणजे निब दाबल्याच्या खुणा दिसतील.